उपग्रहचित्र, बुडीत गाव आणि स्थानिक इतिहासाची साधने : उजनी जलाशयाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

गड, घाट, रणक्षेत्रे, पेठा आणि नदीकाठ प्रत्यक्ष पाहिल्याविना केवळ कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला स्थानिक इतिहास अपुरा राहतो, ही जाणीव मराठी इतिहासलेखनात जुनी आहे. गेल्या दोन दशकांत मात्र स्थळ पाहण्याची एक निराळी रीत रूढ झाली. संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरवावयाचा आणि हव्या त्या ठिकाणी उतरावयाचे. सहलीला निघण्यापूर्वी गडाची वाट पाहून घेणारा पर्यटक, परदेशातून आपल्या घराचे छप्पर शोधणारा अभियंता आणि प्रकल्पवहीत किल्ल्याचे चित्र चिकटविणारा आपला विद्यार्थी हे तिघेही एकाच साधनाचा उपयोग करीत असतात.

पैकी तिसऱ्याशी आपला अध्यापक म्हणून संबंध येतो. विद्यार्थी अशा चित्राखाली केवळ संकेतस्थळाचे नाव लिहितात. चित्र कोणत्या दिवशीचे, कोणत्या उपग्रहाने घेतलेले, याची नोंद बहुधा नसते. एखाद्या पत्राची मिती, लेखक आणि हेतू तपासल्याशिवाय त्याचा आधार घेऊ नये असे आपण वर्गात शिकवितो. पण उपग्रहचित्र समोर आले की तीच दक्षता आपणही विसरतो, कारण ते कागदपत्र वाटतच नाही, खुद्द स्थळ वाटते. उपग्रहचित्र हे स्थळदर्शनाची जागा घेणारे साधन नसून दिनांक, कर्ता आणि हेतू असलेला एक दस्तऐवज आहे, आणि जाणत्या माणसाच्या तोंडी साक्षीशिवाय तो बव्हंशी मुका राहतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. उदाहरणादाखल भीमा नदीवरील उजनी जलाशयाचा परिसर घेतला आहे. त्यामागे एक व्यक्तिगत कारणही आहे : लेखकाच्या आजोळचे इंदापूर तालुक्यातील मूळ गाव याच जलाशयात गेले.

आकाशातून पाहण्याचा अधिकार

भूमीकडे वरून पाहणे ही दीर्घकाळ राज्यसत्तेची मक्तेदारी होती. १७६७ मध्ये स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग आणि १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ आधाररेषा मोजून आरंभिलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण यांचे हेतू महसुली आणि लष्करी होते. स्वातंत्र्यानंतरही किनारपट्टी व सीमाभागांचे तपशीलवार स्थलनकाशे संरक्षणाच्या कारणास्तव निर्बंधित राहिले. कोकणातील बंदरांचा अभ्यास करणाऱ्याला त्या बंदराचा नकाशा मिळविणे हे बंदराच्या इतिहासापेक्षा अवघड काम असे.

उपग्रहांचा उगमही याच प्रवृत्तीत आहे. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेरगिरी योजनेतील पहिले यशस्वी छायाचित्रण ऑगस्ट १९६० मध्ये झाले. उपग्रहातील चित्रफीत एका कुपीतून खाली सोडली जाई आणि हवाई छत्रीने उतरणारी ती कुपी विमानाने अधांतरीच झेलली जाई. १९७२ पर्यंत चाललेल्या या योजनेतील आठ लाखांहून अधिक चित्रे फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने खुली झाली. त्यांचा पहिला मोठा लाभ घेतला तो पुरातत्त्वज्ञांनी. सिरियात युफ्रेटिसवरील तबका धरणामागे १९७० च्या दशकात जो जलाशय भरला, त्याखाली गेलेली प्राचीन टेकाडे या चित्रांत अजून कोरडी दिसतात.

नागरी उपयोगासाठी जुलै १९७२ मध्ये लँडसॅट-१ सोडण्यात आला. भारतात विक्रम साराभाई यांच्या प्रेरणेने पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळमधील नारळाच्या रोगाचा हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन वेध घेतला. भारतीय सुदूर संवेदनाचा तो प्रारंभ मानला जातो. पुढे १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए आणि २८ डिसेंबर १९९५ रोजी आयआरएस-१सी हे उपग्रह सोडले गेले. दुसऱ्याची ५.८ मीटर विभेदनक्षमता त्या काळी नागरी उपग्रहांत सर्वोत्तम होती. सप्टेंबर १९९९ मधील आयकोनॉस या व्यापारी उपग्रहाने ही मर्यादा एका मीटरपर्यंत आणली.

सर्वसामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष २००५ हे होय. मे महिन्यात भारताचे राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर झाले. त्याने जनतेसाठी आणि संरक्षणासाठी नकाशांच्या दोन स्वतंत्र मालिका केल्या. जूनमध्ये, कीहोल या कंपनीच्या प्रणालीवर उभारलेले गूगल अर्थ सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. शासन कोणता नकाशा जनतेला द्यावा हे ठरवीत असतानाच जनता आपली गच्ची वरून पाहू लागली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी हैदराबाद येथे पोलीस अधिकाऱ्यांसमोर या सुविधेतील सुरक्षेच्या धोक्याकडे लक्ष वेधले. ऑगस्ट २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ आले, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांवरील नकाशाविषयक परवान्यांचा जाच बहुतांशी दूर केला. अर्थात अधिकार मिळाला म्हणजे वाचता आले असे होत नाही.

नावाविना जागा, जागेविना नाव

ओळखीचे ठिकाण उपग्रहचित्रात शोधण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण सारू ब्रायर्ली यांचे आहे. खांडवा येथील हा पाच वर्षांचा मुलगा १९८६ मध्ये बऱ्हाणपूर स्थानकावर भावापासून दुरावला, रेल्वेने हावड्यास पोहोचला आणि पुढे टास्मानियातील कुटुंबात दत्तक गेला. आपल्या वस्तीचे आणि स्थानकाचे नाव त्याला अर्धवट, बालउच्चारात आठवत होते. नकाशावर ते सापडेना. मात्र स्थानकाजवळची पाण्याची टाकी, पादचारी पूल, नदी आणि घराकडे जाणारी वाट त्याच्या मनात पक्की होती. हावड्याहून निघणारे लोहमार्ग गूगल अर्थवर रात्रीमागून रात्री धुंडाळत २०११ मध्ये त्याने बऱ्हाणपूर ओळखले, तेथून खांडवा गाठले, आणि पुढील वर्षी तो आईसमोर उभा राहिला. ही कथा तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यातील निर्णायक घटक पाच वर्षांच्या मुलाची स्मृती हा आहे. तेच चित्र जगातील कोणालाही दिसत होते. त्याचा अर्थ त्या एका माणसालाच लागत होता.

सारूकडे जागा होती, नीट नाव नव्हते. उजनीच्या विस्थापितांची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या ‘यशवंतसागरा’चे पाणी इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांत मागे पसरले. गावे उठली आणि वरच्या माळावर नवी गावठाणे वसली. नव्या गावाला नाव मात्र जुनेच राहिले. पुणे-सोलापूर महामार्गावरचे आजचे पळसदेव हे असे नवे गाव आहे; मूळ पळसदेव नदीकाठी होते आणि तेथील पळसनाथाचे दगडी देवालय आजही जलाशयात उभे आहे. पडद्यावर ‘पळसदेव’ शोधले तर आपण महामार्गाकाठी उतरतो. यंत्राची चूक नाही. नाव खरोखरच तेथे राहावयास गेले आहे. परंतु १९८० पूर्वीच्या एखाद्या कागदात पळसदेवचा उल्लेख आला आणि अभ्यासकाने पडद्यावरचे स्थान त्याला जोडले, तर त्याचे प्रतिपादन काही किलोमीटरनी चुकते. नदीकाठच्या उताराचा उल्लेख असेल तर ते हास्यास्पदही होते.

आज हाच परिसर पर्यटनस्थळ म्हणून प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात भिगवण व कुंभारगावच्या काठावर रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. पक्षीप्रेमी पडद्यावर पाण्याची कड शोधतो, कारण उथळ पाण्यातच रोहित उतरतात. धरणग्रस्ताची पुढची पिढी त्याच कडेवर आपल्या शिवाराचा बांध शोधते. चित्र एकच असते.

चित्राची तारीख

उजनीचे पाणी वर्षभर हलते. ऑक्टोबरात धरण भरलेले असते. मे-जूनमध्ये ते उतरते. एकूण साठ्यापैकी सुमारे ६३ टीएमसी साठा मृत असल्याने उपयुक्त पाणी संपल्यावरही बरेच पाणी शिल्लक राहते, आणि वृत्तपत्रांत ‘उजनी मायनसमध्ये’ अशी वार्ता येते. २०१६, २०१९ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत धरण या उणे पातळीत खोलवर गेले. अशा वर्षी पळसनाथाचे देवालय उघडे पडते, लोक होड्यांतून आणि पुढे पायी दर्शनास जातात.

त्यामुळे ‘उपग्रहचित्रात जलाशय असा दिसतो’ हे विधान दिनांकाविना निरर्थक ठरते. गूगल अर्थवरील सलग भासणारे दृश्य अनेक तारखांचे तुकडे जोडून केलेले असते. पावसाळ्यात ढगांमुळे स्वच्छ चित्र क्वचितच मिळते. म्हणून महाराष्ट्राचा प्रदेश पडद्यावर बहुधा हिवाळी किंवा उन्हाळी रूपात भेटतो. एकाच जलाशयाचा एक काठ हिरवा आणि शेजारचा करडा दिसला तर तो जमिनीतील फरक समजण्यापूर्वी जोडाची रेषा शोधावी. फेब्रुवारी २००९ पासून गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रे पाहण्याची सोय आहे. अभ्यासकाने ती उघडल्याशिवाय या साधनाचा उपयोग करूच नये, असे येथे आग्रहाने नमूद करावेसे वाटते. जून २०१५ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-२ मालिकेची १० मीटर विभेदनाची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांत घर दिसत नाही, पण पाण्याची कड दर काही दिवसांनी कोठे होती हे चांगले कळते.

उंचीचा भ्रम हा आणखी एक दोष. वरून घेतलेल्या चित्रात कडा ही केवळ एक रेषा असते. पडदा कलता केल्यावर जे डोंगर उभे राहतात त्यांची उंची चित्रातून आलेली नसते. आरंभीच्या वर्षांत ती मुख्यतः फेब्रुवारी २००० मधील अंतराळयानाच्या रडार सर्वेक्षणातून घेतलेली होती. त्या मोजणीची जाळी इतकी विरळ की हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा पडद्यावर चढता येईल असा उतार वाटे. उलट अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील भुईकोट किल्ल्याची वर्तुळाकृती आणि भोवतीचा खंदक जमिनीवरून एका दृष्टिक्षेपात येत नाही. ते सौष्ठव वरूनच पाहावे.

आता बुडीत गावांकडे वळू. त्यांच्या बाबतीत काळाची एक विलक्षण अडचण आहे. लँडसॅट-१ च्या चित्रातील एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा. तीनशे मीटर लांबीचे गावठाण त्यात चार ठिपक्यांत संपते. एक मीटर विभेदनाची व्यापारी चित्रे १९९९ नंतरची. उजनीकाठची गावे उठली ती या दोहोंच्या मध्ये. अर्थात ज्या काळात गाव कोरडे होते त्या काळातील नागरी चित्र अस्पष्ट, आणि ज्या काळातील चित्र स्पष्ट त्या काळात गाव पाण्याखाली. वाडा, वेस, विहीर दिसेल इतके जुने आणि तरीही सुस्पष्ट चित्र असलेच तर ते हेरगिरी उपग्रहांच्या साठ्यात असावयाचे : सुमारे १.८ मीटर विभेदनाच्या अखेरच्या कोरोना मालिकेत, किंवा १९७१ ते १९८४ या काळातील आणि २०११ मध्ये खुल्या झालेल्या ‘हेक्सॅगॉन’ मालिकेत. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश देऊन या चित्रांचा शोध घेता येतो. पूर्वी संगणकीकृत झालेली चित्रे विनामूल्य, अन्यथा शुल्क भरून. आपल्या गावाची वेस पाहण्यासाठी परक्या राष्ट्राच्या हेरखात्याकडे अर्ज करावयाचा, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल. दरम्यान आपल्याकडे संपादनाच्या वेळची संयुक्त मोजणी, गाव नकाशे आणि १९७६ च्या महाराष्ट्र प्रकल्पग्रस्त पुनर्वसन कायद्याखालील कागद आहेत. त्यांत क्षेत्र आहे, आकार आहे, खातेदाराचे नाव आहे. पार नाही आणि पाणवठाही नाही.

वर आणि खाली

या विषयाकडे लेखकाचे लक्ष वेधले ते एका घरगुती प्रसंगाने. उणे पातळीच्या एका उन्हाळ्याचे चित्र पडद्यावर आणून लेखकाने ते आजीस दाखविले. पाणी हटलेल्या गाळाच्या पट्ट्यावर जुन्या बांधांच्या रेषा, एका रस्त्याचा भराव आणि भीमेच्या मूळ पात्राचे वळण स्पष्ट दिसत होते. आजी बराच वेळ पाहत राहिली आणि हे आपले गाव नव्हे असे तिने निक्षून सांगितले. कारण विचारता ती म्हणाली, “नदी वर कशी गेली? नदीला तर आम्ही खाली जायचो.”

हा आक्षेप प्रथमदर्शनी भाबडा वाटेल. इंदापूर तालुका भीमेच्या दक्षिण तीरावर आहे. उत्तर दिशा वर ठेवण्याच्या संकेतानुसार नदी पडद्याच्या वरच्या बाजूस येते. आजीच्या भाषेत मात्र ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द जमिनीच्या उताराचे आहेत. माळ वर, नदी खाली. वरली आळी, खालची आळी. दिशांसाठी तिच्याजवळ उगवत आणि मावळत आहे. उत्तरेला वरचे स्थान देणारा संकेत मोजणीखात्याचा, तिचा नव्हे. लेखकाने दिशादर्शक चकती फिरवून दक्षिण वर केली. नदी खाली आली, आणि काही क्षणांतच आजीचे बोट चालू लागले. नदीवरून डोईवर पाणी घेऊन परतताना गाव ज्या क्रमाने समोर येई त्या क्रमाने ती नावे घेऊ लागली : पाणवठा, घाटाच्या पायऱ्या, चिंचेचा पार, वेस, चावडी, तिच्या सासऱ्यांचे जोते, मागील गुऱ्हाळ.

क्षेत्रकार्याच्या दृष्टीने हा अनुभव महत्त्वाचा वाटतो. आपण वृद्धांच्या मुलाखती घेतो तेव्हा प्रश्न आपल्या क्रमाने विचारतो आणि नकाशा आपल्या दिशेने धरतो. ‘त्यांना आठवत नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी नकाशा फिरवून पाहिला होता काय, हे स्वतःस विचारले पाहिजे. स्त्रियांची स्मृती येथे विशेष मोलाची ठरते. खातेदार म्हणून कागदावर पुरुषांची नावे आहेत. पण पाणवठ्याची, सरपणाची, दळणाची वाट पायाखालची होती ती स्त्रियांच्या. त्या वाटांची कोणत्याही दप्तरात नोंद नाही. विस्थापनाच्या वेळी विशीत असलेल्या या स्त्रिया आज सत्तरीच्या घरात वा तिच्या पलीकडे आहेत. इंदापूर, करमाळा, भिगवण परिसरातील महाविद्यालयांतून शिकणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी अशी एखादी आजी असेल. प्रकल्पवहीत किल्ल्याचे सातवे चित्र चिकटविण्याऐवजी तिच्यासमोर कमी पाण्याच्या दिवसाचे दिनांकित चित्र ठेवावे, ते तिला हव्या त्या दिशेने फिरवावे आणि ती बोलेल ते त्यावर लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे वय, नाते आणि मुलाखतीची तारीख यांची नोंद अर्थातच हवी.

तोंडी साक्षही निर्दोष नसते, हेही या प्रयत्नात कळून आले. वेशीच्या उगवतीला, गाळात एक गोल खळगा चित्रात दिसतो. ती गावाची पिण्याच्या पाण्याची जुनी विहीर, असे आजीने सांगितले. पुढील महिन्यात तिच्या धाकट्या बंधूंना तेच चित्र दाखविले, तेव्हा त्यांनी ते साफ नाकारले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जुनी विहीर वेशीच्या आत होती आणि तिची खूण आता उरलेली नाही. दिसते ती धरणाची बातमी आल्यावर, उठावे लागणार नाही या आशेने एका शेतकऱ्याने खोदलेली, आणि तिला पुरते पाणी लागण्याआधीच गाव उठले. गाव नकाशात त्या जागी काहीच दाखविलेले नाही. लेखकाने तयार केलेल्या पत्रकावर तूर्त त्या खळग्याशेजारी दोन्ही नावे लिहिली आहेत, सांगणाऱ्यांसह आणि तारखांसह.